आपलं इंजिन थंड चालतं

"काका, काटा ऐंशीच्या पुढे गेलाच नव्हता. आईशपथ."

गेल्या हंगामात, डिसेंबर महिन्यात, आमच्या पुतण्याने मला फोनवर सांगितलेलं हे वाक्य. त्यावर मी जे उत्तर दिलं त्याची मला आज लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो आहे. घरातली मंडळीही हे वाचतात, तेव्हा त्यातल्या काहींना हे आवडणार नाही. पण जे झालं ते झालं.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझ्या चुलत भावाची, म्हणजे दादाची, हर्णैला मासेमारीची बोट आहे. फायबरची, आत डिझेल इंजिन, बारा व्होल्टची बॅटरी, आणि केबिनमध्ये सुकाणूसमोर एक पत्र्याची पाटी. त्या पाटीवर चार काटे: इंजिनाचं तापमान, तेलाचा दाब, डिझेल आणि व्होल्ट. मी नोकरीनिमित्त आयुष्यभर केमिकल कारखान्यांत असेच काटे, सेन्सर आणि वायरी तपासत आलो. त्यामुळे घरात 'काट्याचं काही असेल तर त्याला विचारा' अशी माझी ख्याती आहे. ख्याती माणसाला कशी आंधळं करते ते पुढे येईलच.

तर डिसेंबरात एका रात्री बोट बाहेर असताना सुकाणूवर पुतण्या होता. वय बावीस. बाकीचे खलाशी जाळं ओढून दमलेले, झोपलेले. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या तोंडाशी एक प्लास्टिकची पिशवी येऊन चिकटली. इंजिनाला थंड करणारं पाणी थांबलं. इंजिन तापलं, हेड गॅस्केट उडालं, हेड वाकलं. दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढत बंदरात आणलं. हंगामाचा ऐन महिना गॅरेजमध्ये गेला, आणि ज्यांनी बोट चालवली आहे किंवा बोटीवर कर्ज काढलं आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

दादाचं म्हणणं एकच: "मोबाईलमध्ये तोंड घालून बसला असणार. काटा चढत होता तो ह्याला दिसला नाही." पुतण्याचं म्हणणं एकच: काटा ऐंशीच्या पुढे गेला नाही. शेवटी दोघांनी मला विचारलं. मी इकडे घरी खुर्चीत बसून, बोट न बघता निकाल दिला, "काटा बंद पडला असता तर शून्यावर पडून राहिला असता. हलतोय म्हणजे चालू आहे. चालू आहे म्हणजे त्याने दाखवलंच असणार."

झालं. तज्ज्ञ बोलले. पुतण्या जानेवारीत बोट सोडून चिपळूणला एका दुकानात कामाला लागला.

*

पावसाळी बंदीत बोटी उभ्या असतात. हर्णैच्या बऱ्याच बोटी त्या दिवसांत आंजर्ल्याच्या खाडीत येऊन विसावतात. जूनमध्ये मी गावी गेलो तेव्हा दादा म्हणाला, "तापमानाचा काटा नवीन घालून टाकू, तू आलायस तर." मी म्हटलं, आधी बघू तरी. पुतण्याही सुट्टीवर आलेला होता. तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता, पण वायर धरायला आला.

आता इथे थोडं तांत्रिक लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या चांदणीपर्यंत उडी मारा, पण माझं म्हणणं ह्याच भागात आहे.

बोटीवरचे साधे काटे म्हणजे काही जादू नाही. काट्याच्या मागे तीन स्क्रू असतात: एकावर किल्लीतून येणारे बारा व्होल्ट, एकावर अर्थ, आणि एकावर सेन्सरची वायर. सेन्सर म्हणजे फक्त कमीजास्त होणारा रोध, म्हणजे रेझिस्टन्स. तापमानाच्या सेन्सरचा रोध पाणी तापेल तसा *कमी* होतो. एका प्रचलित प्रकारात ८० अंशाला साधारण ६९ ओहम, १०० अंशाला साधारण ३८ आणि ११० ला २९ च्या आसपास. काटा तो रोध मोजतो आणि अंश दाखवतो. काट्याला इंजिन दिसत नाही. त्याला फक्त ओहम दिसतात. वायरीच्या दुसऱ्या टोकाला इंजिन आहे की गंज आहे हे त्याला कळत नाही.

तपासायची रीत सोपी आहे आणि तिला काही सामान लागत नाही. किल्ली चालू करा. काट्यामागची सेन्सरची वायर काढा, काटा खाली, थंड बाजूला पडला पाहिजे. मग तोच सेन्सरचा स्क्रू वायरीच्या तुकड्याने क्षणभर अर्थच्या स्क्रूला जोडा, काटा पार शेवटापर्यंत गेला पाहिजे. (बारा व्होल्टच्या स्क्रूला चुकूनही अर्थ लावू नका, फ्यूज जाईल.) दादाच्या बोटीवर दोन्ही झालं. म्हणजे काटा निर्दोष. नवा काटा आणला असता तर पैसे पाण्यात, आणि तेही खाऱ्या.

मग काढलेली वायर परत जोडली, पुतण्याला इंजिनाकडे पाठवलं आणि सेन्सरवरून वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवायला सांगितलं. आता काट्याने पुन्हा शेवटापर्यंत जायला हवं होतं. मी केबिनमध्ये उभा राहून बघत होतो. काटा चढला, चढला, आणि ११० पाशी थांबला.

"टेकवलंस का नीट?"

"टेकवलंय काका. दाबून धरलंय."

मी खाली जाऊन स्वतः टेकवलं, बॅटरीच्या निगेटिव्हला थेट टेकवून पाहिलं. पुन्हा ११०. म्हणजे वायरीतच कुठेतरी तीसेक ओहम लपलेले होते. वायरीच्या टोकाला जो तांब्याचा लग असतो, त्याच्या मागे इंचभर सोलून उघडी तार टेकवली, आणि काटा खाडकन शेवटाला गेला. लग कापून उघडला. आत कळंक. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की चढतो तसा हिरवा कळंक, तारेच्या केसाकेसात शिरलेला. वरून काळी टेप गुंडाळलेली, अगदी व्यवस्थित.

आता हिशेब करा. सेन्सरवर तीस ओहम जास्त. इंजिन ८० वर असताना ६९ अधिक ३०, म्हणजे ९९. काटा वाचणार ७० च्या जरा खाली. आणि इंजिन १०० वर पोचलं की ३८ अधिक ३०, म्हणजे ६८. काटा वाचणार ८०.

ऐंशी. पोराने शपथेवर सांगितलेला आकडा.

खात्रीसाठी सेन्सर घरी आणून वहिनीच्या पातेल्यात उकळला. (पातेलं नंतर बदलून दिलं आहे, हे नोंदवावं.) समुद्रसपाटीला पाणी १०० अंशाला उकळतं आणि आमच्या घराइतकं समुद्रसपाटीजवळ फार थोडं असेल. मल्टिमीटरने ३९ ओहम दाखवले. सेन्सर निर्दोष, काटा निर्दोष, पोरगा निर्दोष. दोषी होता एक लग. आणि एक काका.

*

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते वेगळंच. मागच्या वर्षभर दादा बंदरावर सगळ्यांना कौतुकाने सांगत होता, "आपलं इंजिन थंड चालतं. दुसऱ्यांचं ऐंशीला, आपलं सत्तरला." मलाही सांगितलं होतं, आणि मीही "वा!" म्हटलं होतं. कुणाच्याच मनात आलं नाही की तेच इंजिन, तेच पाणी, तोच भार, तर हे अचानक दहा अंश थंड कसं झालं? वाईट बातमी असती तर आम्ही त्याच दिवशी मेकॅनिक बोलावला असता. बातमी चांगली होती म्हणून कुणी चौकशी केली नाही.

आणि म्हणून माझं ठाम मत असं झालं आहे की बोटीवरच्या काट्याबद्दल पहिला प्रश्न 'तो चालू आहे का' हा नसतोच. पहिला प्रश्न हा, की *तो खोटं बोलायला लागला तर कुठल्या बाजूला बोलेल?*

हे आधी माहीत करून घेता येतं. तापमानाची वायर गंजली की रोध वाढतो, आणि रोध वाढला की काटा थंड दाखवतो. म्हणजे तो नेहमी गोड बाजूला खोटं बोलणार. डिझेलच्या काट्याचं तर आणखी गमतीचं. अमेरिकी पद्धतीच्या सेन्सरला टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३. युरोपी पद्धतीत रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. म्हणजे वायर तुटली तर एक काटा सांगणार 'टाकी रिकामी', दुसरा सांगणार 'टाकी भरलेली'. वायर तीच, गंज तोच. एका बोटीवर तांडेल उगाच घाबरून परत फिरेल, दुसऱ्या बोटीवर निर्धास्तपणे पुढे जाईल. तेलाच्या दाबाचंही तसंच. युरोपी पद्धतीत वायर निघाली की दाब भरपूर! आपल्या बोटीवर कुठली जात आहे हे किती मालकांना माहीत असतं? आणि काटा एका पद्धतीचा अन् सेन्सर दुसऱ्या पद्धतीचा बसवला तर काय होईल याची कल्पना करा.

आमच्याकडे डिझेलचा काटाही गुणाचाच निघाला. रात्री दिवे लावले की तो जरा वर सरकायचा. खलाशांमध्ये विनोद होता, "मालकाने दिवे लावले की डिझेल वाढतं." सगळे हसायचे. खरं तर बोट त्यांना स्पष्ट सांगत होती की काट्यांची आणि दिव्यांची अर्थची वायर एकच आहे आणि ती कुठेतरी सडली आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं काट्याच्या अर्थला लावलं, दिवे चालू केले. तिथे जवळपास शून्य व्होल्ट यायला हवेत. आले ०.६.

ह्याचं मूळ कारण असं की बोटीची वायरिंग करणारे बहुतेक हात ट्रकवर शिकलेले असतात. ट्रकला लोखंडी चासी असते, कुठेही स्क्रू मारला की अर्थ मिळतो. फायबरच्या बोटीला चासी नाही. प्रत्येक काट्याला, प्रत्येक दिव्याला परतीची वायर बॅटरीपर्यंत स्वतःची न्यावी लागते. शिवाय खारी हवा. साधी तांब्याची तार, पक्कडीने चेपलेला लग आणि वर काळी टेप हे ट्रकवर दहा वर्षं टिकेल, बोटीवर टेपच्या आत पाणी अडकून उलट लवकर सडेल. कथील चढवलेली तार आणि आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी थोडी महाग पडते. पण गॅस्केटपेक्षा स्वस्त.

*

हे फक्त आमच्या खाडीत घडतं असं समजू नका. १९९५ च्या जूनमध्ये रॉयल मॅजेस्टी नावाचं प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. यंत्र बंद पडलं नाही. त्याने वेग आणि दिशेवरून अंदाजाने ठावठिकाणा सांगायला सुरुवात केली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहिलंही. दीड दिवसाच्या आसपास जहाज त्या अंदाजावर चाललं. नकाशावर ते मार्गावर होतं, समुद्रात ते सतरा मैल बाजूला होतं. १० जूनच्या रात्री नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेला उथळ वाळूत रुतलं. जहाजावर दीड हजारावर माणसं होती. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

त्या जहाजावर ठिकाण सांगणारी दुसरी, स्वतंत्र यंत्रणाही होती. तिच्याशी ताडून पाहिलं असतं तर फरक दिसला असता. पण पडदा चालू होता, रेघ सरळ होती, सगळं छान दिसत होतं. 'हलतोय म्हणजे चालू आहे' हे वाक्य फक्त मीच बोललो नव्हतो, एवढाच काय तो मला दिलासा.

*

आता कुणी म्हणेल, मग काटे हवेतच कशाला? दादाचं हेच म्हणणं आहे. "आबांच्या वेळी कुठे होते काटे? इंजिनाला हात लावला, आवाज ऐकला, झालं." यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बघणं हा कुठल्याही काट्यापेक्षा जुना आणि खरा पुरावा आहे. धार बारीक झाली म्हणजे पाणी अडलंय. डिझेलच्या टाकीत काठी बुडवून बघणं हाही तसाच. काठीला अर्थ लागत नाही. पण आबांच्या बोटी छोट्या होत्या, किनारा दिसायचा तिथपर्यंत जायच्या. आज रात्रीच्या अंधारात, किनाऱ्यापासून लांब, एकटं पोरगं सुकाणूवर असतं. त्याने दर पाच मिनिटांनी सुकाणू सोडून धार बघायला जायचं का? त्याच्यासाठीच तर काटा बसवला.

दुसरे म्हणतील, डिजिटल घ्या. जरूर घ्या. पण तीच वायर, तोच लग आणि तोच कळंक मागे ठेवून पडदा बदललात तर तेच खोटं आता ठळक आकड्यांत दिसेल, एवढंच. आकडे दिसले की माणूस आणखी विश्वास ठेवतो.

माझ्या मते मधला रस्ता असा आहे. काट्यावर विश्वास ठेवा, पण त्याला एक साक्षीदार द्या. तापमानाला पाण्याची धार, डिझेलला काठी, व्होल्टला मल्टिमीटर. नेहमीचा आकडा पाटीवर लिहून ठेवा, आणि तो बदलला, मग तो *चांगल्या* बाजूला का बदलेना, तर त्याच दिवशी वायर बघा. नवा काटा सगळ्यात शेवटी, आधी अर्थ, मग लग, मग सेन्सर. आणि खोटं बोलतोय हे कळलेला काटा दुरुस्त होईपर्यंत त्यावर कागद चिकटवा. मेलेला काटा बरा, तो निदान कुणाला फसवत नाही. जो खोटं बोलतो आणि तरी जागेवर राहतो, तो हळूहळू माणसांना दोन वाईट सवयी लावतो: कधी आंधळा विश्वास, कधी सरसकट दुर्लक्ष. आमच्या बोटीवर गरम झालं की वाजणारा बझरही होता, माहीत आहे? दोन वर्षांपूर्वी तो उगाच वाजतो म्हणून त्याची वायर काढून टाकली होती. त्याला काय बोलायचं होतं ते कुणी तपासलं नाही. बहुधा त्याच्याही वायरीत पाणी गेलं असावं.

आणि शेवटचं, जे मला शिकायला तीस वर्षांची नोकरी पुरली नाही. काटा एक सांगतो आणि माणूस दुसरं सांगतो तेव्हा आपण माणसाला खोटं ठरवतो. आमच्या बाबतीत तर ते दोघे एकच सांगत होते! काटा ऐंशी म्हणाला, पोरगाही ऐंशी म्हणाला. आम्ही काट्याला खरं धरलं आणि त्याने जे दाखवलं ते जसंच्या तसं सांगणाऱ्याला खोटं ठरवलं. का, तर काट्याला वय नसतं, आणि त्याच्या हातात मोबाईल नसतो.

त्या संध्याकाळी खाडीवरून परत येताना मी पुतण्याला म्हटलं, "मी तेव्हा फोनवर जे बोललो ते चूक होतं. मी बघायला यायला हवं होतं." तो काही बोलला नाही. कापलेला लग त्याने खिशात टाकला होता, तो काढून दादाच्या हातावर ठेवला. दादाने तो उलटसुलट करून पाहिला, बोटाने हिरवं खरवडलं, आणि "हम्म" म्हणाला. आमच्या घराण्यात एवढी माफी पुष्कळ झाली.

नारळी पौर्णिमेनंतर बोट बाहेर पडली तेव्हा सुकाणूवर पुतण्या होता. चिपळूणची नोकरी त्याने सोडली. ते बरं केलं की वाईट, हे ठरवण्याइतका शहाणा मी उरलेलो नाही. पाटीवर आता चारही काट्यांखाली मार्करने नेहमीचे आकडे लिहिले आहेत. तापमानाखाली ८०. आणि त्याखाली, त्याच्याच अक्षरात, बारीक: 'धार बघ.'

दादा हल्ली बंदरावर सांगतो, आपलं इंजिन इतरांसारखंच चालतं.